घड्याळात लिहिलेली सांज

या, थोडं पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेलेही या, ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. देवादिकांची आख्यानं आपण ऐकतोच, आज एका कॉम्प्युटर ऑपरेटरचं ऐका. यात राजा नाही, राक्षस नाही. एक बाळंतीण आहे, मरणाच्या उंबऱ्यावर. आणि तिच्यापासून लांब, नागपुरात जरीपटक्यातल्या एका तळघरात, कानाला फोन लावून उभा असलेला एक माणूस आहे. तो आमचा हेमराज. फोन वाजला आणि त्यानं उचलला, तिथूनच लावतो.

"रक्तकेंद्रच न?" पलीकडून बाईचा आवाज आला. "मी वंदना सिस्टर बोलते, कोराडी रोडवरच्या दवाखान्यातून. तुमच्याकडच्या दोन बॅगा माझ्यासमोर आहेत. ओ निगेटिव्ह. पेशंट ऋतुजा. एक सकाळी नेलेली, एक आत्ता आलेली, दोन्ही एकाच डब्यात घालून ठेवल्या यांनी. एकीवर सहा दहा छापलं आहे, दुसरीवर सहा वीस. त्याच्यापुढे एएम-पीएम काहीच नाही. नुसते चौकोन आहेत, रिकामे खोके. मले सांगा, आत्ताची बॅग कोणती?"

तिच्यामागे कुणीतरी पळत गेल्याचं ऐकू आलं. एक ट्रे आदळला. कुणी पुरुष "प्रेशर बघा, प्रेशर बघा" म्हणत होता.

ते चौकोन कुठून आले, हे हेमराजला ऐकताक्षणी कळलं होतं. आणि त्या घडीला ते त्याच्याशिवाय जगात कुणालाही माहीत नव्हतं.

आता इथे जरा थांबून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पहिली रक्ताची. ऋतुजा ही सावनेरकडच्या धोंडबा नावाच्या शेतकऱ्याची लेक, पहिल्या बाळंतपणाला आलेली. तिचा रक्तगट सहजी न मिळणारा. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच धोंडबाला सांगितलं होतं की एक बॅग हाताशी आणून ठेवा. जावई रायपूरला नोकरीला, तो निघाला होता पण वाटेत होता. म्हणून म्हातारा उजाडता उजाडता एकटाच रक्तकेंद्रात आला, बॅग घेतली, थर्माकोलच्या डब्यात ती छातीशी धरून दवाखान्यात नेली. तिथे ती सिस्टरच्या हातात द्यायची असते. धोंडबानं विचार केला की एवढी मोलाची वस्तू कुणाच्या हातात कशाला द्यायची, आपल्याच नजरेसमोर असू द्यावी. त्यानं डबा लेकीच्या खाटेखाली सरकवला. रक्ताला गारवा लागतो एवढं त्यानं ऐकलं होतं. वैशाखातलं नागपूर तुम्हाला सांगायला नको. तर हा बाप दिवसभर दवाखान्यासमोरच्या उसाच्या रसवाल्याकडे जाऊन बर्फ आणत राहिला आणि डब्यात भरत राहिला.

पण रक्त म्हणजे काही रसाचा पेला नव्हे. त्याचा फ्रीज वेगळा, त्याचा गारवा मोजलेला. दिवसभर बाहेर राहिलेली बॅग वरून तशीच लाल दिसते, हाताला तशीच गार लागते, आणि शिरेत गेली तर माणूस मारू शकते.

दुपार उलटून गेल्यावर ऋतुजा बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, सगळं नीट झालं असं वाटेपर्यंत आईचं रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त आणा, ताबडतोब. धोंडबा पुन्हा ऑटो करून जरीपटक्यात आला आणि दुसरी बॅग घेऊन गेला. वॉर्डात शिरल्याबरोबर त्यानं काय करावं? नव्या डब्यात बर्फ कमी दिसला, म्हणून नवी बॅग काढून आपल्या बर्फानं भरलेल्या जुन्या डब्यात टाकली. वंदना सिस्टरनं झाकण उघडलं तर आत दोन बॅगा. नवी कोणती, असं तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं एकीकडे बोट दाखवलं, मग दुसरीकडे दाखवलं, आणि मग हात खाली घेतला.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि तिच्यासाठी हेमराज कोण ते सांगावं लागेल.

घर कोष्ट्यांचं. बापाचा हातमाग होता, त्याची खटखट ऐकत हा मोठा झाला. पुढे माग गेला, आणि हेमराजच्या वाट्याला की-बोर्ड आला. नागपूरच्या कडेला, बेसाला, आमच्या शेजारी राहतो. आमच्या हनुमान मंदिरात कीर्तन असलं की सतरंज्या तो घालतो, पाण्याचा पिंप तो भरतो. टाळ धरतो पण ताल सोडून जातो, म्हणून बुवा त्याला मागे बसवतात. मागे बसून तो काय करतो, तर कुठल्या म्हातारीला वारा लागत नाही ते पाहून उठतो आणि पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवून येतो. असा माणूस. त्याच्या हातून जे झालं ते याच स्वभावातून झालं.

रक्तकेंद्र तळघरात. खिडकी एकही नाही, चोवीस तास ट्यूबलाइट. बाकांवर बसलेली माणसं खेड्यापाड्यांतली, रात्ररात्र जागलेली. काउंटरवर दोन स्क्रीन होते, दोन्ही एकाच कॉम्प्युटरचे. एक हेमराजकडे तोंड केलेला, दुसरा लोकांकडे, ज्याचा त्याचा नंबर दिसावा म्हणून. त्या स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ असतं तसं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आदल्या दिवशी एक म्हातारी बसली होती, लेकाच्या ऑपरेशनसाठी आलेली. तिनं विचारलं, "बापू, हे सात सकाळचे का सांजचे?" हेमराज म्हणाला, सांजचे. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना ती स्वतःच लाजली. "राग नको मानू गा. या तळघरात दिवस कुठं गेला तेच समजून नाही राहिलं मले."

हे शब्द हेमराजला लागले. गर्दी ओसरल्यावर तो कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरला. घड्याळाचं रूप बदलता येतं हे त्याला माहीत होतं. वार दाखवता येतो, अक्षर मोठं करता येतं. शोधता शोधता त्याला दोन छोटी घरं सापडली. सकाळी घड्याळापुढे एएम येतं आणि दुपारनंतर पीएम येतं, ते शब्द तिथे लिहिलेले असतात, आणि ते खोडून तिथे आपल्याला हवं ते लिहिता येतं. त्यानं पहिल्या घरात लिहिलं "सकाळ" आणि दुसऱ्यात लिहिलं "सांज". अक्षर मोठं केलं. लोकांकडच्या स्क्रीनवर वार आला, आकडा आला आणि पुढे ठसठशीत "सांज". म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण तिच्या शेजारच्या बाईनं वाचून दाखवलं आणि ती निवांत झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजताही तिथे "सांज"च दिसत होतं. एक अँब्युलन्सवाला पाणी प्यायला आला होता, तो म्हणाला, "काय गा हेमराज, बाहेर डोकं फुटून राहिलं उन्हानं, अन् तुमच्या इथं सांज होऊन गेली? मी बी इथंच झोपतो मग." बाकावरची माणसं हसली. हेमराजही हसला. किती दिवसांनी त्या तळघरात कुणी हसलं होतं.

बॅगवर लेबल छापणारा प्रोग्रॅम वेळेचे शब्द त्याच दोन घरांतून उसने घेतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि लेबलच्या छोट्या मशीनला इंग्रजीशिवाय दुसरं अक्षर येत नव्हतं. न येणाऱ्या अक्षराच्या जागी ते बिचारं चौकोन काढून मोकळं होई. रात्रीच्या माणसानं सकाळची बॅग दिली, हेमराजनं संध्याकाळची दिली. लेबल दोघांनी पाहिलं, आणि दोघांना फक्त आकडा दिसला.

आता चला पुन्हा फोनवर.

"थांबा ताई, पाहून सांगतो," हेमराज म्हणाला. बॅगांचे नंबर त्यानं विचारून घेतले, स्क्रीनवर काढले. तिथे सगळं स्वच्छ होतं. एका नंबरापुढे सकाळ, दुसऱ्यापुढे सांज. "एकेचाळीसनं संपते न, ते आत्ताची. दुसरी सकाळची आहे, ते लावू नका."

"पक्कं?"

"पक्कं, ताई."

"मग लेबलवर हे खोके काहून आले?"

हेमराजनं वर पाहिलं. पुष्कर सर, म्हणजे तिथले मॅनेजर, काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. केंद्राच्या डॉक्टर मॅडम रक्तदानाच्या शिबिराला गेलेल्या, फोन उचलत नव्हत्या. पुढच्या आठवड्यात केंद्राची तपासणी होती. पुष्कर सरांनी मान हलवली, नको म्हणून, आणि बोटानं लेबलच्या मशीनकडे दाखवलं.

"प्रिंटर," हेमराज म्हणाला. "प्रिंटर बिघडला आहे, ताई."

मग वंदना सिस्टर बोलली तेव्हा तिचा आवाज मघापेक्षा शांत होता, आणि तेच वाईट होतं.

"प्रिंटर वेळ खाऊन राहिला, तं नंबर बरोबर छापते हे मी कायच्या भरोशावर मानू? नावाचं काय, ग्रुपचं काय? नाही. बिघडल्या मशीनीचं लेबल मी कोणाच्या अंगात सोडत नाही. दोन्ही बॅगा बाजूला ठेवल्या. दुसरी पाठवा, लवकर."

फोन बंद झाला.

बघा, तिचं चुकलं का? मी ही गोष्ट जितक्यांदा मनात लावून पाहिली, तितक्यांदा माझं उत्तर तेच आलं. तिनं जे केलं तेच तिनं करायला हवं होतं. तिच्या हातात दोन बॅगा होत्या, एक जीव देणारी आणि एक घेणारी. आणि त्या ओळखायचं एकमेव साधन खोटं आहे, असं तिला नुकतंच सांगण्यात आलं होतं.

दुसरी पाठवायला दुसरी नव्हती. हेमराज फ्रीजशी धावला, माहीत असूनही धावला. त्या गटाचा खण रिकामा होता. पुष्कर सरांनी ओळखीच्या दोन केंद्रांना फोन लावले. एकाकडे नव्हती, दुसऱ्यानं उद्या सकाळी पाहतो म्हटलं.

पुष्कर सर माणूस वाईट नव्हते, हे मला सांगू द्या. रात्री-अपरात्री गरिबाला बॅग देताना त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नव्हती. पण भीती चांगल्या माणसालाही सोडत नाही. हेमराजनं कॉम्प्युटरमध्ये काय केलं होतं ते एव्हाना त्यानं त्यांना सांगून टाकलं होतं. ऐकून ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले. म्हणाले, विचारल्याशिवाय तू हात लावलास. लोक मरतील असं लेबल बाहेर गेलं. हे बाहेर कळलं तर केंद्राचं लायसन धोक्यात, आणि पहिलं नाव तुझं येणार. मी तुला वाचवू शकणार नाही. प्रिंटर म्हटलं तर कुणाचं काही जात नाही.

"सर," हेमराज म्हणाला, "तिचं जाते न."

पुष्कर सरांनी तोंड फिरवलं.

हेमराजनं फोन लावला. एंगेज होता. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. बाकावरची माणसं आता बोलायची थांबली होती. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण ज्यांचं कुणी दवाखान्यात असतं त्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं. एक बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. हेमराजनं तिसऱ्यांदा लावला तर घंटी वाजत राहिली आणि कुणी उचलेना. कीर्तनात बसून नाम घेणं सोपं असतं, असं तो नंतर मला म्हणाला. तिथं चार जणांच्या आवाजात आपलाही मिसळतो. त्या दिवशी एकट्यानं घ्यावं म्हटलं तर नामच आठवेना.

चौथ्यांदा तिनं उचलला.

"निघाली का दुसरी?"

"दुसरी नाही, ताई. ऐका माझं. मघाशी मी खोटं बोललो."

तिनं फोन ठेवला नाही.

"प्रिंटर चांगला आहे," हेमराज म्हणाला. "घड्याळ मी बदललं. लोकायले वेळ समजावी म्हणून एएमच्या जागी सकाळ लिहिलं, पीएमच्या जागी सांज लिहिलं. लेबलच्या मशीनले मराठी येत नाही, म्हणून ते खोके आले. तेवढंच बिघडलं. बाकी नाव, नंबर, ग्रुप, सगळं बरोबर आहे. एकेचाळीसचीच लावा."

"मघाशी काहून नाही सांगितलं?"

"भेव लागलं, ताई."

"अन् आता?"

"आता बी लागून राहिलं."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली की बोलणं पुरत नाही, मले दाखव. डॉक्टर माझ्या तोंडाकडे पाहून राहिले, मी त्याईले फोनवरची गोष्ट सांगू का?

दाखवायचं कसं? हेमराजला एकच वाट दिसली. तो पुन्हा त्या सेटिंगमध्ये शिरला. घाईत दोनदा भलतंच उघडलं. ती दोन घरं सापडली. त्यानं "सकाळ" खोडलं आणि होतं ते लिहिलं. "सांज" खोडलं, होतं ते लिहिलं. लोकांकडच्या स्क्रीनवरचा तो शब्द गेला. मग त्यानं त्याच दोन बॅगांची लेबलं नव्यानं छापायला टाकली. मशीन करकरलं. पहिलं लेबल बाहेर आलं, सहा दहा, पुढे एएम. दुसरं आलं, एकेचाळीसचं, सहा वीस, पुढे पीएम. चौकोन कुठेच नव्हता. बाकीची अक्षरं जुन्यासारखीच, एकही हललेलं नव्हतं.

त्यानं दोन्ही लेबलं एका कोऱ्या कागदावर चिकटवली आणि खाली पेननं लिहायला घेतलं. पुष्कर सर मागे येऊन उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले की लेबलांचा फोटो पाठव, तेवढं पुरे आहे. लिहू नको. लिहिलेलं कुणाच्या हातून पुसलं जात नाही, हेमराज.

पुरलं असतं का? कदाचित पुरलं असतं. कदाचित त्या सिस्टरनं आणखी एक प्रश्न विचारला असता, आणि त्यात वेळ गेला असता. हेमराजनं तो हिशेब केला नाही. त्यानं लिहिलं की घड्याळातले शब्द मी स्वतः बदलले होते, कुणाला न विचारता. त्यामुळे वेळ छापली गेली नाही. मशीनमध्ये दोष नाही. एकेचाळीस नंबरची बॅग आज संध्याकाळी माझ्या हातानं दिली आहे. खाली पूर्ण नाव लिहिलं, हेमराज पौनीकर, आणि सही केली. फोटो काढला. पहिला हलला, अक्षर फिसकटलं. दुसरा काढला आणि सिस्टरच्या व्हॉट्सॲपवर पाठवला.

खुणा निळ्या झाल्या, म्हणजे तिनं पाहिलं. उत्तर आलं नाही.

त्यानंतरचा वेळ किती होता हे त्याला आजही सांगता येत नाही. समोर घड्याळ होतं आणि तो पाहत नव्हता. एक माणूस नंबर घेऊन काउंटरशी आला, त्याचा अर्ज हेमराजनं घेतला, नाव टाइप केलं, गट टाइप केला, पुन्हा वाचून पाहिला, पुन्हा वाचून पाहिला. तो माणूस म्हणाला, "सायेब, बरोबर आहे न?" हेमराज म्हणाला, हाव, बरोबर आहे. आणि पुन्हा वाचलं.

फोन वाजला.

"एकेचाळीस लावली," वंदना सिस्टर म्हणाली, आणि ठेवून दिला.

एवढंच. जीव वाचला की नाही हेसुद्धा त्या रात्री त्याला कळलं नाही. घरी आला तेव्हा त्याची बायको, आमच्या चंद्रकलावहिनी, शिलाईच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होत्या. याचा चेहरा पाहून त्यांनी पाय थांबवला आणि जेवता का म्हणून विचारलं. तो म्हणाला, वाढ. बसला, आणि पहिला घास हातात धरून तसाच राहिला.

ऋतुजा वाचली. मागून लागेल तसं रक्त मिळालं, जावई पोचला, चार-सहा दिवसांत ती उठून बसली. ते सगळं हेमराजला धोंडबाकडून कळलं, आणि ते कसं कळलं ते ऐकण्यासारखं आहे.

तपासणी झाली. तो कागद दवाखान्याच्या फायलीत गेला होता, तिथून त्याची प्रत केंद्रात आली. पुष्कर सरांनी हेमराजला केबिनमध्ये बोलावलं आणि बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. हेमराजनंच त्यांचं काम सोपं केलं. म्हणाला, सर, मले समजते. नवीन ऑपरेटर म्हणून रितिका नावाची मुलगी आली. शेवटच्या दिवशी त्यानं तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं. अर्ज कसा घ्यायचा, नंबर कसा पुकारायचा. घड्याळाच्या सेटिंगमध्ये नेऊन ती दोन घरंही दाखवली आणि म्हणाला, इथं हात लावायचं मन होईल, लावू नको. लोकायले वेळ तोंडानं सांगत जा. दहादा विचारलं तं दहादा सांग.

त्याच दुपारी धोंडबा आला. पांढरं धोतर, हातात पेढ्यांचा पुडा. काउंटरसमोर उभा राहून त्यानं आधी हात जोडले. पोरगी बरी आहे म्हणाला, नात आईवर गेली म्हणाला. मग पुढे वाकून, जसं काही गुपित सांगावं तसं, म्हणाला, "सिस्टर बाई म्हणे, रक्त टायमावर भेटलं. मी बरफ कमी पडू देला नाही न, सायेब. रसवाल्याची पेटी खाली करून टाकली दिवसभरात. एक मिनिट गरम होऊ देलं नाही."

हेमराज त्याच्याकडे पाहत राहिला. म्हणजे वंदना सिस्टरनं म्हाताऱ्याला काहीच सांगितलं नव्हतं. लेकीच्या खाटेखालच्या डब्यातल्या रक्ताचं काय झालं होतं, त्यानं कोणती बॅग कोणत्या बॅगेशेजारी ठेवली, आणि तेवढ्यानं काय होऊ शकलं असतं, यातलं एक अक्षरही नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत लेक वाचवल्याचा आनंद होता, आणि त्या आनंदात त्या बर्फाचा वाटा मोठा होता.

रितिका शेजारी बसून ऐकत होती. तिला सगळं माहीत होतं, तिनं हेमराजकडे पाहिलं.

"बरफ तुम्ही चांगलाच ठेवला, बाबाजी," हेमराज म्हणाला. "पण पुढं कधी बॅग घेतली न, तं थेट सिस्टरच्या हातात देजा. खाटेखाली नका ठेवू."

"देईन," धोंडबा म्हणाला. "हाव, देईन. तुम्ही म्हणता तं देईन." आणि पुड्यातला पेढा काढून त्यानं हेमराजच्या हातावर ठेवला, मग रितिकाच्या, मग बाकांवर बसलेल्या एकेकाच्या.

आता हेमराज बेसालाच मेहुण्याच्या दुकानात बसतो, लग्नाचे आणि वाढदिवसाचे बॅनर तयार करतो. मंदिरात कीर्तन असलं की सतरंज्या अजून तोच घालतो. फक्त एक गोष्ट नवी झाली आहे. कीर्तन संपताना बुवा मागणं मागतात, तेव्हा ज्याला कुणासाठी काही मागायचं असेल तो नाव सांगतो. कुणी आजारी आईचं सांगतो, कुणी परीक्षेला बसलेल्या पोराचं. हेमराज मागून उभा राहतो आणि दर वेळी एकच नाव सांगतो, वंदनाताई. बुवांनी एकदा विचारलं, कोण, बहीण का? तो म्हणाला, हाव. बाहेर चपला घालताना आमच्यातल्या एकानं चंद्रकलावहिनींची थट्टा केली, "वहिनी, ही कोण वं नणंद, कधी घरी आलेली पाहिली नाही आम्ही." वहिनी म्हणाल्या, "त्याईनं बी नाही पाहिली, भाऊजी."

खरंच नाही पाहिली. तिचा चेहरा त्याला ठाऊक नाही, तिला त्याचा नाही. खोट्या शब्दाला तिनं नाही म्हटलं, आणि खरा शब्द आला तेव्हा तो ऐकून घेतला, एवढीच त्यांची ओळख. तुम्ही इतका वेळ बसून ऐकलंत, तर जाताना माझं एवढं ऐका. आज घरी दिव्याला हात जोडाल तेव्हा त्या सिस्टरची आठवण करा. आणि तिच्यामागून हळूच हेमराजचीही करा. तो स्वतः मागण्यात आपलं नाव सांगायचा नाही.